जुन्या पट्टीची बाटली

दवाखान्यात बाटली आपली आपण न्यावी लागायची. आताच्या पोरींना हे सांगितलं तर त्या हसतात. औषध सरकारचं, बाटली आपली. रिकाम्या हातानं गेलं तर कंपाउंडर खिडकीतून विचारायचा, "औषध काय पदरात वतू?" म्हणून प्रत्येक घरात एक बाटली राखून ठेवलेली असायची, आणि तिच्यात कुणी घासलेट भरलं की त्या दिवशी घरात भांडण.

औषध भरलं की कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचा. कागद दुमडून कात्रीनं त्याची कड अशी कापायचा, की उलगडल्यावर करवतीसारखे दात दिसायचे. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत औषध प्यायचं, तो एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्याचंही त्यानं अडायचं नाही. आमच्या भागात बहुतेकांना वाचता येत नव्हतंच. मी चौथी शिकलेली. गल्लीतल्या बाया दवाखान्याची चिठ्ठी माझ्यापुढं धरायच्या आणि म्हणायच्या, "वाच की, शाळा शिकलीस न्हवं?" त्या चिठ्ठीवर इंग्रजी असायचं. इंग्रजी तरी होतं की नाही, मला शंका आहे. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं दिसायचं.

हा दवाखाना मुरुम गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आमची वस्ती तिथून लांब, ओढा ओलांडून चालत जावं लागे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. दवाखान्याच्या भिंतीवर उर्दू अक्षरं होती, त्यांच्यावर चुना मारून मराठी लिहिलं होतं. पावसाळ्यात चुना निघाला की खालची अक्षरं परत दिसायची. डॉक्टर बदलत राहिले. कंपाउंडर मात्र तोच होता, आधीच्या राज्यातला. मुसलमान, म्हातारा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्याला सगळे चाचा म्हणायचे. डॉक्टर पुण्याकडचा, तरणा, नवा आलेला.

मला तिथं सारखं जावं लागायचं ते सासूमुळं. तिच्या पायावर सूज यायची, चार पावलं टाकली की दम लागायचा, आणि उशाला गोधड्यांची चळत लावल्याशिवाय झोप नाही. डॉक्टर म्हणाला, काळीज थकलंय. माझं आणि सासूचं फार गूळपीठ होतं असं नाही. तिची जीभ तिखट होती आणि माझीही काही कमी नव्हती. पण मालक सोलापूरच्या गिरणीत, सणावाराला येणार. दोन लेकरं लहान. सासू बसल्या जागी ती सांभाळायची म्हणून मी खुरपायला, काढणीला जाऊ शकत होते. ती गेली तर मला घरात बसावं लागलं असतं, आणि मी घरात बसले तर चूल थंड. त्यामुळं म्हातारी जगणं भाग होतं. हे वाचायला बरं वाटत नसेल, पण खरं आहे.

आधी तिला पातळ औषध मिळायचं, मोठ्या दातांच्या पट्टीचं. त्यानं सूज उतरली. सासूचा त्या बाटलीवर जीव बसला. आमच्याकडं एक समजूत होती, की ज्या बाटलीनं गुण आला ती बदलायची नाही आणि तिच्यावरची पट्टी काढायची नाही. आतून गरम पाण्यानं विसळायची, वरून हात लावायचा नाही. सासू ती बाटली देवळीत, देवाच्या शेजारी ठेवायची. चाचा दर खेपेला जुनी पट्टी नखानं खरवडून नवी लावायचा, तेव्हा सासू घरी आल्यावर माझ्यावर चिडायची, "त्याला काढू का दिलीस?" मी काय सांगणार? दुकान त्याचं.

मग चाचाचं आणि डॉक्टरचं बिनसलं. मी रांगेत होते तेव्हाच झालं ते. कुणा एका माणसाला चाचानं औषध भरून दिलं. तो बाटली घेऊन परत डॉक्टरकडं काही विचारायला गेला. डॉक्टरनं बाटली उजेडात धरली, रंग बघितला आणि तरातरा बाहेर आला. खिडकीपुढं उभा राहून म्हणाला, "हे काय दिलंय?"

"चिठ्ठीवर हाय ते," चाचा म्हणाला.

"मी हे लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय ते वाचून दाखवा साब."

डॉक्टरनं वाचून दाखवलं नाही. बाटली उपडी केली आणि सगळं औषध अंगणात, लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओतून टाकलं. बाजारचा दिवस होता. सगळी रांग बघत होती. बाटलीत खरं काय होतं, बरोबर की चूक, ते कुणालाच कळलं नाही. लिंबाला काही झालं नाही एवढंच मी सांगू शकते.

त्या दिवसापासून चाचा डॉक्टरशी बोलायचा बंद झाला. डॉक्टरही त्याच्याशी बोलेना. डॉक्टरची खोली अंगणाच्या एका अंगाला, औषधाची खिडकी दुसऱ्या अंगाला. मधे आम्ही. चिठ्ठीतलं एक अक्षर जरी लागलं नाही तरी चाचा ती परत करायचा. आधी तो विचारून, अंदाजानं, सवयीनं चालवून घ्यायचा. आता नाही. "जा, लिहून आण." डॉक्टर म्हणायचा, "एकदा लिहिलं ते लिहिलं. त्याला म्हणावं, चष्मा बदल." मग आपण परत खिडकीवर. ज्याच्या अंगात ताप आहे तो ताप घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा. एक म्हातारा तर म्हणाला, "ह्यापेक्षा बैलाला पाणी पाजायला बरं, एकदाच विहिरीवर जावं लागतंय."

कुणाचं चुकत होतं म्हणून मला पुढं पुष्कळांनी विचारलं. दोघांचं. डॉक्टरपुढं रांग एवढी असायची, की तो मान वर न करता लिहायचा. एकाची नाडी हातात आणि दुसऱ्याची चिठ्ठी दुसऱ्या हातात. तपासायचा चांगलं, पण लेखणी नुसती ओढायचा. आणि चाचाला खरंच कमी दिसत होतं. चिठ्ठी आधी नाकाला लावायचा, मग हात लांब करून बघायचा. पण ते कबूल कोण करतो? डोळे गेले म्हटलं की नोकरी गेली. म्हणून तो अक्षराला नावं ठेवायचा आणि डॉक्टर चष्म्याला. दोघांचंही निम्मं निम्मं खरं होतं.

पट्ट्या लावणंही त्यानं सैल केलं. चिठ्ठीवर डोसाचा आकडा स्पष्ट असेल तरच पट्टी, नाहीतर नाही. "चिठ्ठीवर खूण न्हाई, तर बाटलीवर खूण न्हाई," असं म्हणायचा.

त्या सुगीत सासूचा दम परत वाढला. मी दवाखान्यात गेले, डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं औषध बदलून दिलं. म्हणाला, "हे जास्त कडक आहे. थोडं थोडं द्यायचं. चिठ्ठीवर लिहिलंय." मी खिडकीवर गेले. चाचानं चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली.

"दवा समजली. डोस न्हाई समजला. पूछ के आ."

मी गेले. डॉक्टर एका पोराचा कान बघत होता. मान वर न करता म्हणाला, "लिहिलंय."

मी परत आले. "चाचा, लिहिलंय म्हणतात."

"तू चौथी शिकलीस ना बेटी? दाखव कुठं लिहिलंय."

मला काय दिसणार? मी तिसऱ्यांदा गेले तर डॉक्टर कुणाच्या तरी वाड्यावर बाळंतीण अडली म्हणून गाडीत बसून गेलेला. चाचानं औषध करून बाटलीत भरलं, बूच लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. पट्टी लावली नाही, जुनी काढलीही नाही. "डोस डाक्टरसाबकू पूछ लेना. त्याच्या आधी देऊ नको." खिडकी बंद झाली.

मी घरी येऊन सासूला तेच सांगितलं. म्हणाले, किती द्यायचं ते विचारून येते, तोवर हात लावू नका. ज्वारी काढायला आली होती, मला लगेच जाता आलं नाही. मी दिवसभर रानात. सासूला दम लागला की ती थांबणार का? देवळीतली बाटली तिनं घेतली. पट्टी होतीच की तिच्यावर. जुनी, गुणाची पट्टी. तिच्या दाताप्रमाणं ती प्यायली. दुसऱ्या दिवशी प्यायली, तिसऱ्या दिवशी प्यायली. पहिल्यांदा तिला बरंही वाटलं. मला म्हणाली, "कशाला इचारायचं? खूण हाय की."

मग तिला अन्न जाईना. पोटात मळमळ. आणि एका सकाळी मी भाकरी थापत होते तर म्हणाली, "आगं, पिठात हळद का घातलीस?"

"कुठं हळद?"

"ही काय. पिवळी धमक भाकर."

भिंत पिवळी, लेकरांचे सदरे पिवळे, उन्हात तर तिला डोळे उघडवेनात. शेजारीण म्हणाली कावीळ हाय, लोहारा गावात एकजण ती उतरवतो, पानातून औषध देतो, तिकडं न्या. मी सासूची पापणी वर करून बघितली. डोळ्याचं पांढरं स्वच्छ पांढरं होतं. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे पिवळे होतात. हिचे डोळे ठीक होते, हिला जग पिवळं दिसत होतं. मला ते काविळीचं वाटलं नाही. आणि मनगट हातात घेतलं तर नाडी अशी, की एक ठोका पडला की दुसरा येतो की नाही असं वाटावं.

दिराकडून गाडी मागितली. लेकरं शेजारणीकडं टाकली. गाडीत कडबा पसरून त्यावर सासू. रस्ताभर ती मला शिव्या देत होती, म्हणजे जीव शाबूत होता. दवाखान्यापुढं लिंबाखाली गाडी सोडली. डॉक्टर बाहेर आला हे त्याचं चांगलंच म्हणायचं. गाडीच्या जुवापाशी उभं राहून त्यानं नाडी धरली ती किती तरी वेळ सोडेना.

"यांना काय देताय?"

"तुम्ही दिलेलंच."

"किती?"

मी बाटलीवरचा दात दाखवला.

त्याचा चेहरा उतरला. "एवढं? मी याच्या निम्म्याहूनही कमी लिहिलं होतं. एवढं कुणी सांगितलं? जा, विचारा त्याला."

मी खिडकीवर गेले. "चाचा, डॉक्टर विचारतात, एवढा डोस कुणी सांगितला?"

"मैंने डोस बोला क्या? न्हाई बोला. चिठ्ठीवर आकडाच न्हाई तर मी कुठून सांगू? जा, बोल त्यांना."

मी परत आले. "आकडा नव्हता म्हणतात."

"आकडा होता. स्वच्छ होता. सांगा जाऊन."

मी निघाले आणि अंगणाच्या मधोमध माझे पाय थांबले. राग आला असं नाही. रागाला अंगात ताकद लागते. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं, आदल्या दिवसभर काढणी केलेली, आणि आता मी बैलासारखी या भिंतीकडून त्या भिंतीकडं. मी तिथंच मातीत बसले. बाटली पुढं ठेवली. कनवटीला बांधलेली चिठ्ठी काढून बाटलीखाली सरकवली.

"मी आता हितनं उठत न्हाय," म्हणाले. "काय बोलायचं ते दोघं हितं येऊन बोला. मला निरोप न्यायचा कंटाळा आला."

डॉक्टर म्हणाला, "अहो बाई, हा काय तमाशा? उठा."

मी उठले नाही.

गाडीतून सासूचा आवाज आला. दम नव्हता पण जीभ होती. "बस, बस तशीच. माझा मुडदा पडल्यावर येतील दोघं. मग एकमेकाला म्हणतील, आधी तुम्ही खांदा द्या, न्हाई न्हाई, आधी तुम्ही."

रांगेतले लोक हसले. बैलाच्या पाण्याचं बोललेला तो म्हातारा त्या दिवशीही रांगेत होता, तो म्हणाला, "या की साहेब, चार पावलं हायती. नदी न्हाय मधे."

डॉक्टर आला. मग खिडकी बंद झाल्याचा आवाज आला आणि बाजूच्या बारक्या दारातून चाचा बाहेर आला. इतकी वर्षं मी त्याला खिडकीतच बघत होते. बाहेर आल्यावर कळलं की तो चांगलाच बुटका आहे. आत फळीवर उभा राहत असणार. तो डॉक्टरच्या खांद्याला लागत होता.

डॉक्टरनं चिठ्ठी उचलली. आणि बघतच राहिला. त्यालाही लगेच वाचता आलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग बोट ठेवून म्हणाला, "हा काय आकडा."

चाचानं चिठ्ठी घेतली, जवळ धरली, लांब धरली. "हा आकडा हाय?"

"मग काय आहे?"

"मला वाटलं, तुमची सही सुरू झाली."

पुन्हा लोक हसले. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता दोघांत जुंपणार असं वाटलं. तेवढ्यात चाचानं बाटली उचलली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळला.

"बेटी, ही पट्टी माझ्याच हातची हाय, पण ह्या दव्याची न्हाई. ही जुनी. का ठेवली?"

"जुनी पट्टी?" डॉक्टर म्हणाला. "म्हणजे जुन्या औषधाच्या खुणेनं यांनी हे औषध घेतलं?"

"व्हय साब."

"अहो बाई, एवढी तरी अक्कल..."

"आणि ही चौथी शिकलेली हाय साब," चाचा म्हणाला.

"चौथी? मग तर कमालच झाली."

"बाटलीला देव समजतात हे लोक. किती सांगा, पट्टी काढत न्हाईत."

"सांगूनही?"

"दस दफा सांगून."

इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि माझ्याकडं खाली बघत होती. दोघांचं एकमत झालं होतं. मला हसूही आलं नाही.

मी म्हणाले, "आकडा दिसला असता तर चाचांनी पट्टी लावली असती. नवी लावली असती तर जुनी कशाला ऱ्हायली असती? माझी अक्कल मागनं काढा. आधी म्हातारीचं बघा."

डॉक्टर गाडीकडं गेला. सासूला उतरवून दवाखान्याच्या ओसरीवर बाजेवर निजवलं. उठायचं नाही, बोलायचं नाही, औषध सगळं बंद. बोलायचं नाही हे तिला अवघड गेलं. डॉक्टर रांगेतून उठून परत परत येऊन नाडी बघत होता. चाचानं घरून चहा पाठवला, माझ्यासाठी. त्यात साखर जास्त होती. मी प्यायले. माझी कुणी माफी मागितली नाही आणि मीही मागितली नाही. माझी चूक नव्हती. मी रानात होते.

डॉक्टरनं मला विचारलं, "लहान मुलं आहेत ना घरी? तुम्ही जाऊन या." मी म्हणाले, म्हातारी राहिली तर लेकरं सांभाळायला कुणीतरी आहे. नाहीतर मला रोजच घरी बसायचंय. त्याला ते कसं वाटलं मला ठाऊक नाही.

उन्हं कलल्यावर त्यानं घरी न्यायला सांगितलं. आता फक्त वाट बघायची, म्हणाला, अंगातलं औषध उतरायला वेळ लागतो. मी वाट बघत बसले नाही, ज्वारी थांबत नव्हती. शेजारणीची पोर म्हातारीजवळ बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून मी रानात जाऊ लागले. संध्याकाळी परतताना वस्तीच्या वळणावर आले की कान लावायची, घरातून रडण्याचा आवाज येतोय का. येत नव्हता. मग डोक्यावरचा भारा सारखा करून चालू लागायची.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी मी भाकरी तव्यावर टाकली तर मागनं सासू म्हणाली, "आज पिठाला काही झालंय का?"

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "का? काय दिसतंय?"

"पांढरी दिसतीय भाकर."

"मग? पांढरीच असती ज्वारीची."

"तेच म्हणते मी. दे अर्धी. वर तूप न्हाई का?"

तूप नव्हतं. मीठ लावून दिली.

पुढं त्या दोघांची मैत्री झाली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. फक्त माझी चिठ्ठी लिहिली की डॉक्टर दारात येऊन डोस ओरडून सांगायचा आणि चाचा खिडकीतून तो ओरडून परत म्हणायचा. मग चाचा जुनी पट्टी खरवडून नवी लावायचा आणि ती मला दाखवायचा. बाकीच्यांनी ते बघितलं. "आमचंबी वरडून सांगा," म्हणू लागले. हळूहळू सगळ्यांचंच तसं सुरू झालं. म्हणजे कुणाच्या पोटात जंत आहेत, कुणाला खरूज झालीय, सगळ्या बाजाराला कळायचं. एक दोन बायांनी तेवढ्यासाठी दवाखान्यात यायचं सोडलं. एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

घरी मी एक नेम केला. बाटली न्यायच्या आधी पट्टी विळ्याच्या टोकानं मीच खरवडायची आणि राखेनं बाटली घासायची. सासू बाजेवरून बघत राहायची. "घास, घास. माझं आयुष्यबी घासून टाक तेवढ्यात." मी आणखी चिमूटभर राख घ्यायची. तिनं माझं तिसरं लेकरूही सांभाळलं, ते चालायला लागेपर्यंत. मग एका थंडीत झोपेत गेली. तिला त्या वेळी औषधानं काही झालं नाही, वयानं झालं.

म्हातारी होती तेव्हाच डॉक्टरची बदली झाली होती. नवा आला. त्याच्यापुढंही तेवढीच रांग. त्यानं सासूचं दुखणं माझ्याकडून ऐकलं, माझ्याकडं न बघता चिठ्ठी ओढली आणि पुढच्याला बोलावलं. मी चिठ्ठी बघितली. तीच कोंबडी, तोच उकिरडा.

मी हलले नाही. म्हणाले, "किती द्यायचं ते आधी तोंडानं सांगा."

"लिहिलंय त्यात."

"असू द्या. तोंडानं सांगा."

"का?"

"म्हातारीला भाकर पिवळी दिसतीय न्हाईतर."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही कळलं नाही, आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. मागं रांग कुरकुरायला लागली. मी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि उभीच राहिले.